दहा मिनिटांची उपासना आणि सोफ्यावर चढलेला जक्कय

लहान पोरं असलेल्या घरात रोजची उपासना कशी करायची हा विषय आमच्या चर्चच्या महिला मंडळात निघाला की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, "अगं मोठी झाली की आपोआप बसतील", आणि दुसरं, "बसायची सवय आत्तापासूनच लावली पाहिजे". मला दोन्ही पटत नाहीत. सव्वादोन वर्षांचं पोर बसत नसतं हो, आणि पाच वर्षांची बसलीच तरी तिचा एक डोळा उघडा असतो, भाऊ काय करतोय ते बघायला. म्हणून आम्ही बसण्याचा आग्रहच सोडून दिलाय. जेवणं झाली, भांडी सिंकमध्ये पडली की गाद्या घालायच्या आणि गादीवरच सुरू करायचं, एक भजन, एक गोष्ट, छोटी प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली), संपलं. दहा मिनिटं. कुणाला लोळत ऐकायचं असेल तर लोळा, उड्या मारत ऐकायचं असेल तर भिंतीपासून लांब मारा.

यातलं भजन सगळ्यात महत्त्वाचं असं माझं ठाम मत आहे. मी नगरची (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), लहानपणापासून 'उपासना संगीत' या मराठी चर्चच्या भजनांच्या पुस्तकावर वाढलेली. शाळेत आपण ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून शिकलो ते ना. वा. टिळक, 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले, त्यांची किती भजनं त्या पुस्तकात आहेत आणि किती साध्या मराठीत आहेत. अभंग, ओवी, भजनी चाल हे सगळं आपल्या चर्चमध्ये रुजलं त्यात टिळकांचा मोठा वाटा. आता याचा सव्वादोन वर्षांच्या पोराशी काय संबंध, तर भजनात ध्रुवपद असतं. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी ध्रुवपदावर यायचं. ज्याला वाचता येत नाही, नीट बोलताही येत नाही तोसुद्धा दोन-तीन दिवसांत ध्रुवपदाचा शेवटचा शब्द पकडतो आणि मग तो शब्द आला की असा काही ओरडतो की बस. शिवाय हातात झांजा. झांजा वाजवणाऱ्या पोराला शांत बस सांगावं लागत नाही कारण त्याला काम मिळालेलं असतं. ताल चुकतो, चुकू दे. खालच्या फ्लॅटवाल्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय, त्यांच्याकडे गणपतीत आरतीला आमची दोन्ही जातात तेव्हा टाळ पोरांच्याच हातात असतात, त्यामुळे त्या काही बोलत नाहीत.

यूट्यूबवरची इंग्लिश ॲक्शन साँग्ज आम्हीही लावतो, नाही असं नाही, गाडीत तर लागतातच. पण उपासनेत नाही. स्क्रीन चालू झाली की पोरं बघतात, गात नाहीत, तोंड उघडं ठेवून बघत बसतात नुसती.

गोष्टीचं म्हणाल तर गोष्ट वाचून दाखवायची नाही, करायची. आमच्याकडे हिट म्हणजे जक्कय. लूकच्या 19 व्या अध्यायातला, बुटका, श्रीमंत जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढलेला. आणि आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे, आणि उंबर आमच्या सोसायटीच्या गेटशीच आहे, खाली फळांचा लगदा पडलेला असतो तोच. त्यामुळे पोरांना जक्कय कुठे चढला हे समजावून सांगावंच लागलं नाही. घरात सोफ्याची पाठ म्हणजे उंबर. धाकटा चढतो, पप्पा खालून येशूचं वाक्य म्हणतात, "जक्कया, त्वरा करून खाली ये", आणि तो पप्पांच्या अंगावर उडी टाकतो. मग मोठीचा नंबर. मग परत धाकटा. आणि आता सकाळी पप्पा बाथरूममध्ये वेळ लावायला लागले की मोठी दारावर थापा मारून ओरडते, "पप्पा, त्वरा करून बाहेर या!"

सगळ्याच गोष्टी या वयात चालत नाहीत. अब्राहाम आणि इसहाक मी मुद्दाम लांब ठेवलीय, बाप मुलाला डोंगरावर नेऊन बांधतो हे झोपायच्या आधी कशाला. नोहा (महापुरातून वाचायला तारू म्हणजे मोठं जहाज बांधणारा) सगळ्यांना लहान मुलांची गोष्ट वाटते कारण त्यात हत्ती-जिराफ आहेत, पण मोठीने पहिल्याच दिवशी विचारलं, मग तारवाच्या बाहेरचे लोक कुठे गेले? आता द्या उत्तर. उत्तम शुक्रवारचं, म्हणजे येशूला क्रूसावर मारलं त्या दिवसाचं, मात्र टाळत नाही, कारण चर्चमध्ये क्रूस समोरच असतो, पोरं विचारणारच. फक्त तो शुक्रवार आणि येशू पुन्हा जिवंत झाला तो रविवार एकाच बैठकीत सांगायचे, मध्ये रात्र जाऊ द्यायची नाही. येशूला मारलं इथे थांबून लाईट बंद केला की पोर रात्रभर तेच घेऊन झोपतं. रिकामी कबर सांगूनच उठायचं, मग दहाची पंधरा मिनिटं झाली तरी चालेल.

प्रार्थनेत प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. धाकट्याचं रोज एकच, जेसीबी. समोर बिल्डिंगचं काम चालू आहे ना. प्रभूची प्रार्थना त्यांना अजून कळत नाही, मला ते चालतं. आजकाल बरेच आईबाप म्हणतात अर्थ न कळता पाठ करून काय उपयोग. अहो, आपल्याला तरी लहानपणी कुठे कळत होतं! पाठ असलं की आजारपणात, अंधारात आपोआप तोंडात येतं, अर्थ सवडीने येतो मागून.

आता नाताळला नगरहून आई येतेय आणि तिला ही दहा मिनिटं म्हणजे उपासनेची चेष्टा वाटते. तिची प्रार्थना आजाऱ्यांपासून सुरू होऊन प्रवासात असलेले, परीक्षेला बसलेले, राज्यकर्ते करत करत पाळकसाहेबांपर्यंत येते, आणि मागच्या खेपेला ती मध्ये श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात धाकट्याने खणखणीत आमेन म्हणून टाकलं. तिला राग आला, मग हसूही आलं. फोनवर आमचं ठरलंय की आधी पोरांची उपासना होईल झांजांसकट, आणि पोरं झोपली की हॉलमध्ये आमची मोठ्यांची, तिथे आईने हवा तेवढा वेळ घ्यावा. चहा मी करणार आहे.