दाढ भरायची की थांबायचं

बुधवार, रात्र.

"दाढेवर काळी रेघ दिसतेय, सिमेंट भरून टाका." दातांच्या दवाखान्यात आठवड्यातून कितीतरी वेळा कानावर पडणारं वाक्य. काळं दिसलं की कीड, आणि कीड म्हटली की सिमेंट, हे गणित लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते चुकीचं आहे आणि त्यापायी चांगल्या दाढा उगाच कोरल्या जातात, म्हणून आज सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. एकदा भरलेली दाढ कायमची भरलेलीच राहते. काही वर्षांनी ते सिमेंट झिजतं किंवा कडेनं सुटतं, पुन्हा भरताना आजूबाजूचा थोडा दात आणखी जातो, आणि दर खेपेला खड्डा मोठा होतो. म्हणून खरा कस लागतो तो पहिल्यांदा भरायची की नाही हे ठरवताना.

दाढेच्या चावायच्या बाजूला ज्या खाचा असतात त्यांत चहा, पान, मिश्री यांचा रंग मुरतो. अशी रेघ काळी, कडक आणि गुळगुळीत असते, आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. कधीकाळी सुरू होऊन आपोआप थांबलेली कीडही अशीच काळी आणि टणक दिसते. चालू असलेली कीड उलट बहुधा फिकट असते, खडूसारखी पांढुरकी किंवा पिवळट-तपकिरी, आणि हाताला खरबरीत लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात, तेही कीड समजून घेऊन येणारे असतात. ते डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर साधारण सारखे असतात. कीड अशी जोडी बघून लागत नाही.

तपासणीची सुरुवात दात साफ करण्यापासून होते. वर साका असेल तर खालचं काही कळत नाही. ब्रशनं खाच साफ करायची, गालाशी कापसाची वळी ठेवायची, आणि मग हवेच्या पिचकारीनं दाढ पूर्ण पाच सेकंद सुकवायची. ओली असताना निर्दोष दिसणाऱ्या दाढेवर सुकल्यावर खाचेच्या कडेनं पांढरट पट्टा उमटतो. कारण सोपं आहे. कीड सुरू होते तेव्हा एनॅमलमधले (दातावरच्या कडक आवरणातले) क्षार निघून जातात आणि बारीक छिद्रं पडतात. ती पाण्यानं भरलेली असली तर पाणी (१.३३) आणि एनॅमल (१.६२) यांच्या वक्रीभवनांकात फार अंतर नसतं, त्यामुळे डाग लपतो. पाणी जाऊन हवा (१.००) शिरली की अंतर वाढतं, उजेड विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. फक्त सुकवल्यावर दिसणारा डाग बहुधा एनॅमलच्या बाहेरच्या भागातच असतो. ओला असतानाही दिसत असेल तर तो जास्त खोल गेलेला समजावा. दोन्ही ठिकाणी पृष्ठभाग अखंड असेल तर ड्रिल हातात घ्यायचं काही कारण नाही.

टोकदार प्रोब (दात तपासायची बारीक सळई) खाचेत दाबून "अडकला म्हणजे कीड" म्हणायची जुनी सवय अजून गेलेली नाही. प्रोब अडकतो तो बऱ्याचदा खाच अरुंद असते म्हणून. शिवाय खालून मऊ झालेला पण वरून शाबूत असलेला थर त्या टोकानं फुटतो, आणि जो डाग भरून आला असता त्याचा खड्डा होतो. टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असलेला प्रोब घ्यावा आणि जोर न लावता नुसता फिरवावा. खरबरीतपणा त्यालाही कळतो.

सगळ्यात फसवी असते ती करडी सावली. एनॅमल कडक असतं, त्याखालचं डेंटिन त्या मानानं मऊ. कीड टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत उतरते आणि खाली आडवी पसरते. वरून छप्पर साबूत, आत पोकळ. दाढ सुकवून बाजूनं उजेड टाकला की ही सावली ओळखू येते. दुखत नाही म्हणून ती सोडून देऊ नये. इथे भरावंच लागतं.

दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसतच नाही. रोज एकाच फटीत जेवण अडकतं, फ्लॉसचा दोरा तिथेच विसकटतो, या तक्रारी लक्ष देऊन ऐकाव्यात. त्यासाठी बाइटविंग एक्स-रे काढायचा. दातांनी पट्टी चावून धरली की वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. मुळाच्या एक्स-रेवर हे काम भागत नाही. कोन चुकला तर शेजारच्या दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते. असा एक्स-रे वाचायला बसू नये, परत काढावा. हेही ध्यानात ठेवावं की फिल्मवर कीड प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसते. एनॅमलपुरती असेल तर थांबायचं, डेंटिनमध्ये खोल गेली असेल तर भरायचं. अडचण मधल्यांची होते, जिथे ती डेंटिनच्या कडेला नुकतीच टेकलीय. तिथे दोन दाढांमध्ये रबराची छोटी रिंग दोन-तीन दिवस ठेवली की फट उघडते आणि पृष्ठभाग फुटलाय का ते सरळ डोळ्यांनी बघता येतं. एवढी खटपट फार कमी ठिकाणी होते, व्हायला हवी.

दुखत असेल तर आधी नस कशी आहे ते बघावं. थंड कापूस पहिल्यांदा शेजारच्या चांगल्या दाढेला लावायचा, म्हणजे रुग्णाला तुलना करता येते. कळ चार-पाच सेकंदांत विरली तर नस बहुधा ठीक. अर्धा मिनिट उलटून गेलं तरी ठणकत असेल, गरम लागलं की दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर नुसतं भरून उपयोग नाही, रूट कॅनालचा विचार करावा लागतो. चावताना नाही पण चावलेलं सोडताना सळक येते, ती तडकलेल्या दाढेची खूण. सुपारी फोडणाऱ्यांत ही हटकून शोधावी. आणि नुसते दात आंबत असतील तर हिरडीजवळची मान बघावी. आडव्या, जोरकस ब्रशिंगनं ती झिजलेली असते, कीड नसतेही.

सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेबद्दल वेगळं लिहायला हवं. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते, कुठलाच दात न पडता. त्यामुळे घरचे तिला दुधाचीच समजतात आणि "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, जन्मभराची असते. खाचा खोल असतील तर ती पुरती बाहेर आल्याबरोबर सीलंट (खाचा बुजवणारा लेप) लावून घ्यावं. यात दात कोरावा लागत नाही.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचं प्रमाण वाचावं, १००० पीपीएमच्या आसपास हवं. दिवसातून दोनदा ब्रश करायचा, फेस थुंकायचा, पण वर खळखळून चूळ भरायची नाही, फ्लोराइड धुऊन जातं. डागावर ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावायचं. आणि चहा. साखर किती यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं. तोंडातला सामू (pH) ५.५ च्या खाली गेला की क्षार निघू लागतात, आणि लाळेला तो वर आणायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर घोट-घोट चहा घेणाऱ्याच्या दाताला ती उसंतच मिळत नाही.

भरायचं ठरलंच तर दाढ कोरडी ठेवणं हे अर्धं काम. कंपोझिट (दाताच्या रंगाचं, उजेडानं कडक होणारं भरण) लावताना लाळ लागली तर चिकट थर धरत नाही आणि कडेनं गळती सुरू होते. लाळ आवरत नसेल तिथे ग्लास आयनोमर (ओलावा थोडा सोसणारं सिमेंट) बरं. साधं कंपोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनीच भरावं, नाहीतर निळा उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि खाली कच्चं राहतं. शेवटी कार्बन पेपर चावून उंची बघायची. बधिरपणा उतरल्यावर दाढ उंच लागली तर "बसेल हळूहळू" म्हणून घरी थांबू नये, दुसऱ्याच दिवशी घासून घ्यावी.

उद्याच्या केसपेपरासाठी नमुना: दाढ ४६ (खालची उजवी पहिली कायमची मोठी दाढ), मधली खाच, सुकवल्यावर पांढरट, पृष्ठभाग अखंड, सावली नाही, बाइटविंग स्वच्छ. भरलेली नाही. फोटो काढून रुग्णाला दाखवला. पुन्हा सहा महिन्यांनी, त्याच उजेडात, त्याच कोनातून.