पिवळं दिसलं म्हणून...

मागच्या श्रावणात आंबोलीला काढलेला एक फोटो मी इथे टाकला होता. ओल्या पाचोळ्यातून वर आलेली अळंबीची पिवळीधमक बोटं, टोकाला पाण्याचा थेंब. खाली ऐटीत नाव लिहिलं: क्लॅव्ह्युलिनॉप्सिस फ्युझिफॉर्मिस. प्रवाळ अळंबीतली, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळासारख्या दिसणाऱ्या अळंबीतली, ही पिवळी जात शोधल्यावर सगळ्यांत आधी समोर येते. फोटो जुळला, झालं. दोन दिवसांनी बुरशीतल्या जाणकार एका ताईंनी एवढंच विचारलं, "उंची किती होती गं? आणि मातीत होती की लाकडावर?"

दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मॅक्रो लेन्समधून सेंटीमीटरभराची वस्तूही वीतभर वाटते, आणि मी शेजारी साधं नाणंसुद्धा ठेवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सावंतवाडीहून परत घाट चढले. जागा सापडली, कारण तिथल्याच शेवाळलेल्या दगडावरून मागच्या खेपेला आपटले होते. पाचोळा अलगद बाजूला केला, तर खाली पेन्सिलीएवढी कुजकी काटकी आणि अळंबी त्या काटकीतूनच आलेली. रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मी. एक बोट चिमटीत धरून वाकवलं. वाकलं, थोडं ताणलंही, पण मोडेना. चिवट, बुळबुळीत, रबरासारखं. म्हणजे कॅलोसेरा. दिसायला प्रवाळ, नात्याने मात्र जेलीसारख्या बुरशींच्या घरातली. फ्युझिफॉर्मिस गवतातून किंवा जंगलातल्या मातीतून झुबक्याने येते, बोटापेक्षा लांब होऊ शकते आणि वाकवली की कट्कन तुटते.

परतताना टपरीवर चहा घेताना तिथल्या काकींना हे सांगितलं, तर त्या हसल्या. "रंग काय बघतंस? खंय रुजली ती बघ मगे." त्यांना अळमी खायची तेवढीच ठाऊक, पण एका वाक्यात माझी चूक पकडली.

रंगावर विसंबू नये याची कारणं मग भराभर सापडत गेली. झाडीखालच्या हिरव्या उजेडात कॅमेरा पिवळ्याचा पोपटी करतो. प्रवाळ अळंबीतलीच जांभळी क्लॅव्हेरिया जून झाली की तपकिरीकडे झुकते. तशीच फांद्याफांद्यांची रामारिया पिकली की तिच्याच पिवळसर बीजाणूंनी (बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांनी) माखून मूळ रंग हरवते. त्यापेक्षा बीजाणूंचा रंग बरा. तुकडा कागदावर आडवा ठेवून वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर विसरायचं, म्हणजे बीजाणू कागदावर गळतात. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा हवा. क्लॅव्हेरिया आणि क्लॅव्ह्युलिनॉप्सिसचे पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसणार कसे? (आमच्याकडे आमटीच्या वाट्या आता मोजून मिळतात.) या दोघींना एकमेकींपासून वेगळं करायचं तर मात्र सूक्ष्मदर्शकच लागतो, फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर मुळीच नाही.

लाल दिसली तर मात्र चिमटी आवरायची. जपानात 'काएनताके' म्हणून लालभडक, बोटांसारखी बुरशी आहे, ज्वाळेसारखी दिसते म्हणून ते नाव. तिथे ती खाऊन माणसं दगावली आहेत. 2019 मध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सजवळही सापडली. तीसुद्धा खरी प्रवाळ अळंबी नव्हेच, ट्रायकोडर्मा नावाच्या वेगळ्या बुरशीच्या गोतातली. आपल्याकडे लाल काही दिसलं तर मी फोटो काढते, नाणं ठेवते आणि हात मागे घेते.

जुन्या फोटोखालचं नाव खोडून नुसतं 'कॅलोसेरा, काटकीवर' एवढंच ठेवलंय. जात लिहिलेली नाही. परवा एक जांभळी मिळाली, मातीतून आलेली, चार सेंटीमीटरची, लगेच मोडणारी. ती सध्या वाटीखाली आहे आणि घरात आमटी भांड्यातून खावी लागतेय.