आबांचा ओटा आणि माझी वेबसाइट

आबा तलाठी म्हणून निवृत्त झाले तरी आमच्या ओट्यावर सातबारा घेऊन येणारी माणसं काही कमी झाली नाहीत. मी पुण्यात वेबसाइटी बनवून पोट भरतो. म्हटलं, जमिनीच्या कागदपत्रांवर मराठीत आपलीच साइट काढू. घरात एवढं ज्ञान पडलंय, लोक गूगलवर शोधतातच!

घरातलं ज्ञान मात्र मी वापरलंच नाही. कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात त्या शब्दांची यादी काढली आणि तीन महिन्यांत साठ लेख पाडले. ‘सातबारा म्हणजे काय’, ‘सातबाऱ्याचे महत्त्व’, ‘सातबाऱ्याचे फायदे’. चार ठिकाणी वाचलेलंच पाचव्यांदा. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्याच साधनात निम्म्याहून जास्त पानं ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ या खान्यात जाऊन बसली. म्हणजे गूगल येऊन बघून गेलं, पण ठेवून घेतलं नाही. मी साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) गूगलला पुन्हा दिला, थीम बदलली, रोज ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबत बसलो. ढिम्म.

आबांना एक लेख वाचायला दिला. चष्मा काढून म्हणाले, “चूक काही नाही रे. पण हे वाचून कुणाचं काय काम होणार?”

राग आला. पण दिवाळीला गावी गेलो तेव्हा वही घेऊन ओट्यावर बसलो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावचे एक काका आले. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.४०.०० हेक्टर-आर. काकांच्या हिशेबी ४० गुंठे, म्हणजे पुरा एकर, आणि सौदाही एकराच्या भावाने ठरलेला. आबांनी पेन्सिल घेतली. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. म्हणजे ४० आर भरतात साधारण साडेएकोणचाळीस गुंठे. फरक जवळपास ५०० चौरस फुटांचा. “तुझ्या पुण्यात एवढ्यात वन बीएचके बसतो ना?” आबा माझ्याकडे बघून म्हणाले.

त्या रात्री मी फक्त तेवढंच लिहिलं. नावं खोडलेल्या सातबाऱ्याचा फोटो, त्यावर आबांच्या पेन्सिलीचे बाण, खाली आकडेमोड. आजही साइटवर सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान तेच आहे.

मग लोक गूगलवर काय टाइप करून साइटपर्यंत येतात, ती सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी नीट वाचायला लागलो. ‘अधिकार अभिलेख पत्रक’ कुणीच शोधत नव्हतं. ‘सातबारावर वडिलांचं नाव कमी करणे’, ‘वारस नोंद किती दिवस’, ‘आर म्हणजे किती गुंठे’ अशी ती यादी, त्यातली बरीच इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. ७/१२ तर बहुतेक जण इंग्रजी आकड्यांतच लिहितात. तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण शोधणारा तलाठीच शोधतो. शीर्षकात लोकांचा शब्द, आत सरकारी शब्द, असं ठरवून टाकलं.

साठ लेखांचे बावीस केले. सारखे होते ते एकत्र करून जुन्या पत्त्यांवरून रीडायरेक्ट लावले, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी नवं पान येतं. देवनागरी फॉन्टची चार वजनं (जाड-बारीक प्रकार) लोड होत होती, एकच ठेवलं. आबांच्या फोनवर, गावच्या नेटवर्कवर पान उघडेल तेव्हाच पास.

पुढच्या वर्षभरात दिवसाला पाच-सात माणसांवरून काहीशेंवर आलो. मध्ये होस्टिंग बदलताना सर्च इंजिनांना अडवणारी चाचणीची टिकमार्क तशीच राहिली आणि अकरा दिवस पानं एकेक करून गायब होत गेली. मी आपला गूगलच्या अपडेटला शिव्या देत होतो! (बावीस वर्षांच्या इंटर्नने दोन मिनिटांत शोधून दिली.)

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकांची नोंद, २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर करतात. त्या हंगामात आमचं त्यावरचं पान उसळी घेतं, आणि अॅपचा एखादा स्क्रीन बदलला की शिळं होतं. मला आधी कळवतात ते आबाच. दर सोमवारी मी त्यांना शोधशब्दांची यादी फोनवर वाचून दाखवतो. परवा वारस नोंदीवर एक प्रश्न निघाला. “हरकतीचे १५ दिवस नीट समजावून लिही,” ते म्हणाले. त्याच्या पुढचा प्रश्न भावाभावांतल्या वाटणीचा होता. थोडा वेळ गप्प राहिले. “याच्यावर लेख नको. याला म्हणावं, वकील गाठ.”