बॅकअप घेतलाय, फॉरमॅट मारा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला आणि दिवाळीच्या आसपास नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या आमच्या छोट्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुन्या मशीनची रांग लागली. बहुतेकांची रड एकच : हे मशीन विंडोज इलेव्हनला चालणार नाही म्हणून स्क्रीनवर येतंय. खरंच चालत नाही. इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. अशांना मी तीन वाटा सांगतो. नवीन मशीन घ्या, वाढीव सिक्युरिटी अपडेट घेऊन ऑक्टोबर २०२६पर्यंत ढकला, नाहीतर एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क टाकून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम करून घ्या. तिसरी वाट ऐकली की निम्मे लोक विचारतात, "टॅली चालेल ना?" हिशेबाचं ते सॉफ्टवेअर लिनक्सवर सरळ चालत नाही, म्हणून विषय तिथेच संपतो.

पंचवटीतून आलेल्या मशीनवर टॅली नव्हतं. रामकुंडावर बसणाऱ्या एका तीर्थपुरोहितांचं मशीन, तिसऱ्या पिढीचं आय-थ्री. घेऊन आला त्यांचा पुतण्या. तो सातपूरला कंपनीत कामाला, लिनक्सच टाकायचं हे त्याने घरूनच ठरवून आणलेलं. काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवत म्हणाला, "दादा, बॅकअप घेतलाय. बिनधास्त फॉरमॅट मारा."

हे वाक्य ऐकलं की मी आधी पेन ड्राइव्ह उघडतो. फोटो होते, डॉक्युमेंट्स होतं, लग्नाचे व्हिडिओ होते. आणि 'यजमान' नावाचा एक आयकॉन, कोपऱ्यात छोटासा बाण, साइज दोन केबी. डेस्कटॉपवरचा नुसता शॉर्टकट, आत डेटा काहीच नाही.

"हे काय आहे?"

"तेच तर मेन आहे. काकांची सगळी नामावळी त्यात आहे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नाशिकला दहाव्याला, अस्थिविसर्जनाला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी हे पुरोहित पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत ठेवतात. आडनाव, गाव, कोण कोणाचा मुलगा, आणि खाली आलेल्या माणसाची सही. जुन्या वह्या मोडी लिपीत आहेत. वह्या घरात शाबूत होत्याच, पण कोणतं घराणं कोणत्या वहीत कितव्या पानावर, हे या प्रोग्रॅममध्ये होतं. यजमान घाटावर ताटकळत असताना वही चाळत बसायची नसेल तर ही सूची लागते. एका ओळखीच्या मुलाने २०१४मध्ये व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलेलं काम, आत नोंदी साठवणारी ॲक्सेसची डेटाबेस फाइल. तेव्हापर्यंतच्या नोंदीही त्यानेच भरून दिलेल्या.

मी प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन ती फाइल शोधली. सापडली, पण तारीख २०१४ची. प्रोग्रॅम उघडला तर नोंदी मात्र आदल्या आठवड्यापर्यंतच्या. म्हणजे डिस्कवर दुसरी फाइल असणार. लपवलेले फोल्डर दिसतील असं करून अख्ख्या सी ड्राइव्हवर शोध लावला.

एक नाही, आणखी दोन सापडल्या.

विस्टा या जुन्या आवृत्तीपासून विंडोजने साध्या प्रोग्रॅमना प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला बंदी केली. जुन्या प्रोग्रॅमना हे ठाऊक नसतं, ते सवयीने तिथेच लिहायला जातात. ते बंद पडू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण गुपचूप त्या-त्या युजरच्या ॲपडेटामधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवतं. पहिल्यांदा काही लिहिलं की मूळ फाइलची एक नक्कल तिथे होते आणि पुढचं सगळं त्या नकलेत जातं. प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच जागी लिहितोय. ॲपडेटा एरवी दिसत नाही, त्यामुळे दिसेल ते फोल्डर ओढून घेतलेल्या बॅकअपमध्ये तो कधीच येत नाही.

यातला 'त्या-त्या युजरच्या' हा भाग महत्त्वाचा. या मशीनवर लॉगिन दोन होते. एक काकांचं, आणि पुतण्याने मध्यंतरी स्वतःसाठी केलेलं दुसरं. काकांची नामावळी वेगळी चालू होती, पुतण्याची वेगळी, आणि दोघांच्या मुळाशी २०१४ची तीच फाइल.

पुतण्याला हे सांगितलं तर तो गप्पच झाला. मग काकांना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि तिकडून कडाडले, "मी काय सांगत होतो? नोंद केलेली सापडत नाही म्हटलं की हा म्हणायचा, काका, तुम्ही विसरता! वैद्याकडे घेऊन निघाला होता मला!"

इलाज मात्र सरळ होता. जुन्या हार्ड डिस्कला हात लावायचा नाही, ती काढून बाजूला ठेवायची आणि नवीन एसएसडीवर मिंट टाकायचं. मी सगळ्यांकडे हेच करतो. एसएसडीचे पैसे वाचवायला जुन्या डिस्कवर फॉरमॅट मारण्यात अर्थ नाही. काढण्याआधी शिफ्ट दाबून शटडाऊन केलं, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्स त्या डिस्कवर लिहू देत नाही. फोटो-व्हिडिओ तासाभरात नवीन डिस्कवर आले. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वेळ खाल्ला तो अक्षरांनी. मिंटवर ॲक्सेसच्या फाइली वाचणाऱ्या एमडीबी टूल्सने दोन्ही फाइलींतल्या नोंदी बाहेर काढल्या तर समोर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. डेटा बिघडलेला नव्हता. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या आधीचा फॉन्ट होता, त्यात 'क' वगैरे काही साठवलेलं नसतंच. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, फॉन्ट फक्त त्याच्या जागी मराठी चित्र दाखवतो. आणि तो फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, म्हणजे बॅकअपच्या बाहेर. जुन्या डिस्कवरून तो आणला तेव्हा नावं दिसायला लागली. पण नुसती दिसून काय उपयोग? शोध घ्यायचा तर युनिकोड करणं भाग होतं.

अदलाबदलीचा तक्ता बनवून चालवला. येवला, चांदवड, कळवण पहिल्या फटक्यात नीट आले. दिंडोरी, निफाड, सिन्नर तिन्ही मोडले. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. रफाराचं याच्या उलट. जुन्यात तो अक्षर झाल्यावर डोक्यावर ठेवतात, युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी येतो. त्यामुळे कुलकर्णी आणि सूर्यवंशी सगळेच्या सगळे विस्कटलेले. त्र्यंबक तर विचारूच नका.

ते नियम लावून झाल्यावर गुरुजींना दुकानात बोलावलं. वहीचा क्रमांक आणि पान हाच धागा धरून दोन्ही सूची एकत्र केल्या होत्या आणि जिथे नोंदी जुळत नव्हत्या त्या ओळी पिवळ्या. गुरुजी स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मी वाचत गेलो. वह्या सोबत नव्हत्या, तरी त्यांचं अडत नव्हतं. "हे निफाडचे नव्हेत, ओझरचे. धाकटी पाती निफाडला गेली." पुढची ओळ. "हे दोनदा आलंय. एकदा मी केलं, एकदा ह्याने. ह्याचं काढा." मला वाटलं, सवयीने पुतण्याचंच काढायला सांगतायत. पण दोन ओळींनंतर म्हणाले, "इथे माझं काढा. त्याने पान बरोबर लिहिलंय." पुतण्या मागे उभा राहून फोनमध्ये वह्यांच्या पानांचे फोटो ताडून पाहत होता. गुरुजींनी सांगितलेल्यात चूक एकही सापडली नाही. एक गाव मात्र तीन तऱ्हांनी लिहिलेलं निघालं, त्यावर काका-पुतण्याची चांगलीच जुंपली.

आता सूची लिब्रेऑफिसच्या साध्या शीटमध्ये आहे. जुना प्रोग्रॅम मिंटवर ओढूनताणून चालवता आला असता, पण मला त्यात अर्थ दिसला नाही. ज्याने तो बनवला तो मुलगाच आता कुठे आहे त्यांना ठाऊक नाही. टायपिंग पुतण्या फोनेटिकने करतो. लॉगिन एकच ठेवलंय.

निघताना पुतण्याने जुनी हार्ड डिस्क हातात घेऊन विचारलं, "दादा, ही रिकामी करून वापरू का? पाचशे जीबी आहे."

मी उत्तर द्यायच्या आत गुरुजींनी ती त्याच्या हातातून काढून पिशवीत टाकली. म्हणाले, "सिंहस्थ होऊन जाऊ दे, मग बघू."