दारातून न निघणारी होडी

अमेरिकेतलं नेब्रास्का म्हणजे मका. मका, सोयाबीन, मधेच एखादं धान्याचं उंच कोठार, परत मका. कुठल्याही दिशेने निघा, दोन राज्यं ओलांडून तिसऱ्यात गेल्याशिवाय समुद्र नाही. त्यामुळे ओमाहाहून दीडेक तासावरच्या कोलंबस गावात, नुसतं कॉफीला म्हणून थांबलेलो, तर पॉनी पार्कात वाळूला टेकलेली होडी आणि तिच्यातून धावत बाहेर पडणारे ब्राँझचे सैनिक दिसले, तेव्हा मी गाडी सरळ रिव्हर्स घेतली.

स्मारकावरचा सगळा मजकूर वाचायची मला खोडच आहे, घरचे तोवर गाडीत एसी लावून बसतात. तर ही होडी अँड्र्यू हिगिन्सची. जन्म 1886, ह्याच गावात. पुढे लुइझियानात लाकडाचा धंदा आणि मग होड्या, दलदलीत फिरणाऱ्या शिकाऱ्यांसाठी, तेलवाल्यांसाठी. पाण्यात ओंडके, शेवाळ, म्हणून पंखा तळाच्या खोबणीत लपवलेला. होडी बिनधास्त काठावर चढवायची आणि मागे घेऊन निघून जायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला नेमकं हेच हवं होतं. 36 फुटांची, बरीचशी प्लायवूडची (हो, प्लायवूडच!) होडी, 36 सैनिक मावायचे, आणि त्याच्या कारखान्यांनी असल्या-तसल्या मिळून 20,000 च्या वर होड्या काढल्या. ह्या माणसाने आपल्याला युद्ध जिंकून दिलं असं त्या युद्धातले सरसेनापती आयझेनहॉवर म्हणाले होते. तरी त्याच्या गावात स्मारक व्हायला 2001 उजाडलं, तेही एका हायस्कूलच्या मास्तरांनी आणि पोरांनी मनावर घेतलं म्हणून.

पण मला आवडली ती वेगळीच गोष्ट. असं सांगतात की लहानपणी त्याने घराच्या तळघरात होडी बांधली आणि ती दारातून निघेना, तर आई बाहेर गेलेली बघून पठ्ठ्याने भिंतच फोडली. हे वाचलं तेव्हा मला थेट आमचे दादाकाका आठवले. त्यांनी माजघरात सुतार बसवून सागवानी कपाट करून घेतलेलं, काय ते पॉलिश, काय त्या पितळी कड्या, आणि ओटीवर न्यायची वेळ आली तर आडवं केलं तरी जाईना आणि तिरकं केलं तरी जाईना. सुतार म्हणे तुम्ही माप दिलंत, काका म्हणे तुला डोळे नाहीत का. शेवटी चौकट उखडली. चौकट आजीच्या सासऱ्यांच्या वेळची. आजी पुढे कितीतरी दिवस काकांशी धाकट्या नातवामार्फत बोलायची, "काकांना सांग, चहा झालाय", आणि काका तिथेच समोर बसलेले.

कपाट अजून आहे. एक दार नीट लागत नाही.

हिगिन्सच्या होडीला पुढे फळीचं दार आहे. आधीच्या होड्यांत सैनिकांना कडेवरून खाली उड्या टाकाव्या लागायच्या, पाठीवर एवढं ओझं घेऊन. दाराची कल्पना जपानी होड्यांवरून आली, 1937 साली शांघायला एका अमेरिकन लेफ्टनंटने त्यांचे फोटो काढून पाठवलेले, ते आधी कुणी मनावरच घेतले नाहीत. मग 1941 मध्ये हिगिन्सने आपल्या होडीचं नाक कापून तिथे फळी बसवली. फळी पडली की सगळे भराभर बाहेर.

आणि फळी पडली की पुढच्या रांगेसमोर आडोसा कसलाच नाही, किनाऱ्यावरून मशीनगन चालू. पुढे कोणी उभं राहायचं हे कुणीतरी ठरवत असणार ना.