बँड वाईट वाजला की हॉल?

अल्बम तोंडपाठ असलेली मंडळी शोमधून बाहेर पडताना हमखास म्हणतात, 'लाइव्हला काही दम नाही यांच्यात.' असेलही. पण आधी सांगा, उभे कुठे होतात?

छोट्या हॉलमध्ये स्टेजला चिकटून उभं राहिलं की मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून आणि बाजूने निघून जातो. गायकाचा गळा ऐकू येतो तो त्यांतूनच. समोर मात्र ड्रम आणि गिटारचा अँप (तिचा स्वतःचा स्पीकर) उघडेच धडधडत असतात, मग शब्द कळणार कसे? त्यात साउंड इंजिनियर ड्रमचा आवाज मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज जुळवण्याच्या यंत्रावर, वाढवू शकतो, पण मुळातला कमी करू शकत नाही.

बेसचं गणित वेगळं. सबवूफर, म्हणजे बेसचे खास स्पीकर, स्टेजच्या दोन टोकांना असतील, तर मध्यरेषेवर बेस छातीत घुसतो आणि थोडं बाजूला सरकलं की काही सूर चक्क गायब होतात. 60 हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण 5.7 मीटर. दोन सबपासूनच्या तुमच्या अंतरांत सुमारे 2.9 मीटरचा फरक पडला, की लाटा एकमेकींना मारतात. बेसिस्टला शिव्या घालण्याआधी चार पावलं सरकून बघा. सगळ्यात भरवशाची जागा मिक्सरच्या आसपासची, कारण इंजिनियर तिथलंच ऐकून आवाज लावतो. बाल्कनीखाली शक्यतो जाऊ नका.

आता हॉल. मागची भिंत 50 मीटरवर असेल, तर स्नेअर ड्रमचा ठोका तिच्यावर आपटून स्टेजजवळच्या माणसाला सुमारे 0.3 सेकंदाने पुन्हा ऐकू येतो. मिनिटाला 120 ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांतलं अंतरच 0.5 सेकंद! म्हणून संथ गाणी तरून जातात आणि वेगवान गाण्यांचा चिखल होतो. तुमच्या शोमध्ये नेमकं असंच झालं असेल, तर दोष बहुधा हॉलचा. पहिली दोन-तीन गाणी तर धरूच नका. साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या हॉलमध्ये होतो, आणि माणसं भरली की वरच्या पट्टीतला आवाज त्यांच्या कपड्यांतच मुरतो, मग इंजिनियरला आवाज पुन्हा लावावा लागतो.

अल्बममध्ये एकच गिटारिस्ट तोच रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) दोनदा वाजवून डावी-उजवीकडे पसरवतो. लाइव्हला त्याने सोलो धरला, की खालची रिदम गेलीच. ही फसवणूक नव्हे. गाणं अर्धा सूर उतरवून गाणं हीसुद्धा नव्हे.

बँडच्या माथी मारण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. गायकाने माइकची जाळी मुठीत दाबली की माइक चहूबाजूंचा आवाज ओढू लागतो, गळा कोंदट होतो, स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून फीडबॅकची शिट्टी वाजते, आणि इंजिनियरला नाइलाजाने आवाज खाली आणावा लागतो. ही चूक शंभर टक्के गायकाची. ड्रमर आणि बेसिस्ट एका ठोक्यावर पडत नसतील, किंवा प्रत्येक कोरस प्रेक्षकांच्या गळ्यात मारला जात असेल, तर हॉलला बोल लावू नका.

कानांचंही बघा. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस 85 डेसिबलचा आवाज जास्तीत जास्त 8 तास ऐकण्याची आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवणारे, संगीतासाठीचे इयरप्लग घातले तर शब्द उलट स्पष्ट होतात. फोमचे नकोत, ते वरच्या पट्ट्या जास्त खातात.

आणि पुरावा म्हणून मोबाइलचा व्हिडिओ दाखवू नका. त्याचा इवलासा माइक एवढ्या आवाजात सहज फाटतो. थेट मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंगही छोट्या हॉलपुरतं फसवंच: त्यात गळा मोठा आणि ड्रम मरतुकडे असतात, कारण हॉलमध्ये ड्रमला मिक्सरची फारशी गरजच नव्हती.