कपड्यांच्या गोण्या आणि एक लॅपटॉप

आज मंडळाची बैठक. गणपतीतली शिल्लक रक्कम कुणाला द्यायची हा विषय, आणि पहिली सूचना नेहमीचीच: जुने कपडे गोळा करूया!

मी विरोध केला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आम्ही गेलो होतो. कपड्यांच्या गोण्या भिजून पडलेल्या. एकीत तर जरीची फाटकी साडी आणि एकाच पायाची चप्पल! लोकांना हवी होती फावडी, घमेली, फिनेल आणि वायरिंग तपासणारा माणूस. आमच्यातल्या वायरमनने त्या दिवशी जे काम केलं, ते बाकी सगळ्यांनी मिळून केलं नाही.

मग दुबईच्या पोरांचा विषय. पासपोर्ट भारताचा असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरत नाहीत. लंडनच्या काकांनी मात्र तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्यांचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. खजिनदार भाऊंनी लगेच वहीत लिहून घेतलं. (भाऊ काही लिहून घेतात म्हणजे विशेषच.)

परदेशात मदत करायची तर पैसेच पाठवायला हवेत असं नाही. २०१५ च्या नेपाळ भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या, उपग्रहाच्या फोटोंवरून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या मोफत नकाशावर, रस्ते आणि घरं काढली. बचाव पथकांनी ते नकाशे वापरले. एका कॉलेजवाल्या मुलीने तिथेच लॅपटॉप उघडून दाखवलं, तर सगळे आपापल्या घराचं छप्पर शोधायला लागले!

रविवारी दुपारी तिच्याकडे शिकायला बसतोय. लॅपटॉप असेल त्याने आणा. चहा मंडळाकडून.